मदत हवी आहे : 'हिंद' सायकलचं नाव पुन्हा नोंदवता येईल का?

नमस्कार मंडळी. वरळीच्या कारखान्यातली 'हिंद' सायकल आठवते ना? ती कंपनी १९८० च्या कायद्याने सेन-रॅले या दुसऱ्या सायकल कंपनीसोबत सरकारजमा झाली. मी जुन्या सायकली दुरुस्त करतो. हँडलखालच्या नळीवरचा 'हिंद'चा बिल्ला दिसला की म्हातारी गिऱ्हाइकं त्यावर हात फिरवतात. हे नाव नव्या सायकलींवर यावं असं फार मनापासून वाटतं.

सलग पाच वर्षं न वापरलेला ट्रेडमार्क, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ४७ खाली, नोंदवहीतून काढायचा अर्ज करता येतो, एवढं वाचलंय. पण राष्ट्रीयीकरणात गेलेल्या नावाचा हक्क आज कुणाकडे, हे कुठे तपासायचं? शिवाय 'हिंद' देशवाचक म्हणून ट्रेडमार्क नोंदणीत सायकली ज्यात येतात त्या वर्ग १२ मध्ये हरकत येईल का? कुणाचा हक्क डावलून काही करायचं नाही, म्हणून फी भरण्याआधीच विचारतोय. मुंबई-पुण्यातला जाणकार वकील माहीत असेल तर कृपया सुचवा.