पाचक एन्झाइमच्या गोळ्या : सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

जेवणानंतर पोट फुगलं की औषधाच्या दुकानात जाऊन "पचनाचं काहीतरी द्या" म्हणायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. हातात पडतं ते सायरप नाहीतर गोळ्यांची पट्टी. त्यात बहुधा पिष्ट फोडणारं डायस्टेज आणि प्रथिनं फोडणारं पेप्सिन किंवा पपईतलं पॅपेन असतं. दुधासाठीचं लॅक्टेज वेगळं. स्वादुपिंड थकलेल्यांची पॅनक्रिएटिनची कॅप्सूल वेगळी. सूज उतरावी म्हणून देतात ती सेरॅशिओपेप्टिडेज आणि ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन हीसुद्धा एन्झाइमंच.

माझ्या वडिलांना पॅनक्रिएटिनने पुन्हा उभं केलं. बहिणीला मात्र सायरपच्या बाटल्या रिचवूनही काडीचा फरक पडला नाही. म्हणून विचारतोय. कोणतं एन्झाइम, कशासाठी, जेवणाआधी की जेवताना, एवढं जरूर लिहा. उपयोग झाला नसेल तर तेही लिहा, त्याची गरज जास्त आहे.

अक्कलकोट रोड, यंत्रमाग कारखान्यात जॉबर
मला स्वादुपिंडाचा जुनाट दाह आहे. आधी नुसतं पोट दुखायचं. मग वजन उतरायला लागलं, पँट दोरीने बांधायची वेळ आली. शौचाला चिकट, तेलकट व्हायचं, पाणी ओतून ओतून जायचं नाही. हे सांगायची लाज वाटते, पण डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं आणि तिथेच त्यांना अंदाज आला. शौचाची फीकल इलास्टेज तपासणी केली, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं एक एन्झाइम शौचात किती उतरतं ते मोजलं. ग्रॅममागे ते २०० मायक्रोग्रॅमच्या वर असावं लागतं, माझं १०० च्याही खाली. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे दिसले. साखरही तेव्हाच निघाली.

आता ताटाशेजारी छोट्या वाटीत कॅप्सूल काढून ठेवतो. एक पहिल्या घासाबरोबर, दुसरी निम्मं जेवण झाल्यावर. जेवण उरकून घेतली तर अन्न पुढे निघून जातं आणि औषध मागे राहतं. चावायची नाही. आतल्या बारीक दाण्यांवर आवरण असतं, ते पोटातल्या आम्लापासून एन्झाइम वाचवतं आणि आतड्यात गेल्यावर विरघळतं. माझ्या डॉक्टरांनी मुख्य जेवणाला लायपेजची (कॅप्सूलमधलं चरबी फोडणारं एन्झाइम) ५०,००० युनिटं आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी असा हिशेब घालून दिलाय. कडक भाकरी आमटीत चुरून, वर शेंगाचटणी आणि तेल, हे मी पुन्हा जेवायला लागलो. वजन भरलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं होतं, त्याचं औषध वेगळं चालू आहे. दारू-तंबाखू बंद. ते सोडल्याशिवाय नुसत्या कॅप्सूलवर भागत नाही, हे माझ्यासारख्यांनी मनावर घ्याच.

जुळे सोलापूर, निवृत्त शिक्षिका
मला दूध सोसत नाही. चहापुरतं चालतं, पण कोजागिरीचं मसाला दूध घेतलं की रात्रभर पोटात गुडगुड आणि पहाटे पळापळ. लॅक्टेजची गोळी दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घेतली की त्रास जवळजवळ नाहीच. रोज घेत नाही, बासुंदी-खिरीच्या दिवशीच. दही मला चालतं. विरजणातले जिवाणू दुधातली साखर बरीचशी फोडतात, म्हणून.

विजापूर रोड
गॅस समजून एन्झाइमच्या गोळ्या घेत राहिलो. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं, विषय संपला.

बाळीवेस, गृहिणी
जॉबरदादा, तुमचं वाचून धीर आला. आमच्या मामंजींनाही पॅनक्रिएटिन सांगितलंय. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. ते कशापासून बनतं, कुणी सांगेल का?

सात रस्ता, फार्मासिस्ट
ताई, खरं तेच सांगतो. पॅनक्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. डायस्टेज मात्र बुरशीपासूनही बनतं. जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये त्याचं अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. पण मामंजींचं स्वादुपिंड खरोखर निकामी असेल तर बुरशीचं डायस्टेज त्याची जागा घेणार नाही. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. औषध म्हणून घ्यायचं की नाही, ते मामंजींना ठरवू द्या. त्यांच्यापासून लपवून मात्र देऊ नका.

मधुमेहींनी दोन गोष्टी पाहायच्या. सायरपमध्ये साखर असू शकते, बाटलीवर वाचा. आणि अकार्बोजची गोळी चालू असेल तर डायस्टेज तिच्या उलट काम करतं. अकार्बोज पिष्ट फोडणं लांबवतं, डायस्टेज ते फोडतं. दोन्ही एकत्र घेणारे गिऱ्हाईक मला नेहमी भेटतात आणि प्रत्येकाला मी थांबवतो.

अशोक चौक, विडी कामगार आईचा मुलगा
आईचं आयुष्य मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेलं. गुडघे सुजतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि सेरॅशिओपेप्टिडेज एकत्र असलेल्या गोळीने तिला बरं वाटायचं. मला वाटायचं, सूज एन्झाइमच उतरवतं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नुसतं वेदनाशामक दिलं, तरी आराम तेवढाच. त्यांनीच सांगितलं की सेरॅशिओपेप्टिडेज जपानमध्ये निघालं, रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून, आणि २०११ मध्ये जपानमध्येच कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचण्यांत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आता आई पाटावर बसून पाय लांब करून वळते, मांडीचे व्यायाम करते. त्याचा फायदा जास्त दिसतोय. हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी अशी एन्झाइमं किंवा अननसातलं ब्रोमेलेन विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असंही ते म्हणाले.

होटगी रोड
मला हरभरा, राजमा बाधतो. अल्फा-गॅलॅक्टोसायडेजची गोळी पहिल्या घासाबरोबर घेतली की गॅस निम्म्याने कमी. डाळी रात्रभर भिजवून ते पाणी टाकलं तरी बराच फरक पडतो, म्हणून गोळी फक्त बाहेर जेवायचं असेल तेव्हा.

बाळीवेस, गृहिणी
मामंजी कॅप्सूल घेतो म्हणालेत. आता एकच शंका. आमच्या घराला पत्रे आहेत, उन्हाळ्यात डबे तापतात. कॅप्सूल ठेवायच्या कुठे?

अक्कलकोट रोड, यंत्रमाग कारखान्यात जॉबर
ताई, बाटलीवर किती अंशांखाली ठेवायचं ते छापलेलं असतं, माझ्या बाटलीवर २५ आहे. मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या पुढे, पत्र्याखाली तर विचारूच नका. उष्णतेने एन्झाइमची ताकद जाते. मी झाकण घट्ट लावून बाटली माठाच्या खोलीत, जमिनीलगत कोनाड्यात ठेवतो आणि कारखान्यात दिवसापुरत्याच नेतो. मोटारसायकलच्या डिकीत कधीच नाही. तुमच्याकडे फ्रिज असेल तर फार्मासिस्टना बाटली दाखवून विचारा, काही कंपन्यांच्या चालतात, काहींच्या नाही.