प्रतिसाद: फादरांची तब्येत

खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले तरी फादरांना वॉकर लागतो, म्हणजे काही चुकलंय का, असं वर विचारलंय. मला तसं वाटत नाही. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं की सहा महिने, कधी वर्षही जातं. हाड जुळतं, पण पडून राहून मांडीचे स्नायू आटलेले असतात.

काल नाशिकरोडला भेटून आले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच आकडे मोजत गुडघा खाली दाबत होते. आता चार पायऱ्या जमतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. किती आनंद झाला त्यांना! मिस्सा (चर्चमधली उपासना) खुर्चीत बसूनच करतात. फेब्रुवारीतली बाळ येशूची यात्रा हुकली, ते मात्र मनाला फार लागलंय. पाड्यावरची माणसं नागली (नाचणी) घेऊन येतात, तेव्हा खुलतात. तुम्हीही जा, पण चारनंतर. सकाळी व्यायामाने थकलेले असतात.