इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवायची आहे: क्लास, अ‍ॅप की पाठांतर?

कळव्याची_मैना
नमस्कार मंडळी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंजिनिअरिंग, आता तुर्भ्याला नोकरी. ऑफिसातलं इंग्रजी निभावते, पण एमएससाठी जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यायचीय आणि त्यातला व्हर्बल, म्हणजे भाषेचा भाग, उघडला की शब्दच अडवतात: लॅकॉनिक, लोक्वेशस, एनर्व्हेट, पार्सिमोनियस. वाशीत सेक्टर १७ ला एका क्लासमध्ये चौकशी केली. तिथे जाडजूड शब्दयादी देतात आणि पाठ करा म्हणतात. क्लास लावावा का? आणि अर्थ मराठीत लिहून ठेवावा की इंग्रजीतच? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घोडबंदरकर
ताई, यादी कुठल्या सालची आहे ते आधी बघा. २०११ च्या ऑगस्टपर्यंत जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजी (शब्दजोड्यांतलं नातं ओळखणं) थेट विचारायचे, तेव्हा तीन-साडेतीन हजार शब्द घोकण्यात अर्थ होता. आता शब्द वाक्यातल्या गाळलेल्या जागी बसवायचा असतो. सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षाच दोन तासांच्या आत आटोपते. व्हर्बलचे २७ प्रश्न, ४१ मिनिटं, आणि त्यातले साधारण निम्मे उताऱ्यावरचे. नुसता अर्थ पाठ असून भागत नाही, छटा कळावी लागते. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या साइटवर फुकट सराव परीक्षा आहेत. आधी एक देऊन बघा, क्लासचे पैसे नंतर भरा.

नौपाड्याच्या_काकू
मैना, शाळेत संस्कृत होतं का गं? प्रहार, आहार, संहार, विहार आठव. धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ पालटतो. इंग्रजीतले जड शब्द बरेचसे लॅटिन-ग्रीकमधून आलेत आणि तिथेही हाच कारभार. लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणं. त्यावरून लोक्वेशस म्हणजे बडबड्या, एलोक्वंट म्हणजे अस्खलित बोलणारा, सोलिलोक्वी म्हणजे स्वगत, सर्कम्लोक्यूशन म्हणजे आडवळणाने बोलणं. एका मुळावर चार शब्द पदरात पडले!

शिवाय ही आपलीच लांबची भावकी आहे. ज्ञा धातू आणि ग्रीकमधला 'ग्नो' एकाच घरचे. अ‍ॅग्नॉस्टिक म्हणजे अज्ञेयवादी. त्यातला नकाराचा 'अ'सुद्धा आपल्या 'अ'चा सख्खा. अग्नी आणि इग्नाइट, दंत आणि डेंटिस्ट, मृत आणि मॉर्टल, सगळे तसेच.

लॅकॉनिक मात्र गावावरून आलाय. लॅकोनिया म्हणजे स्पार्टाचा मुलूख, तिथली माणसं मोजकं बोलण्यासाठी प्रसिद्ध होती. (आमच्या ह्यांना शोभेल.)

खारघर_टेकडी
काकू, वाचनखूण साठवली. पण मैनाताई, व्युत्पत्तीवर जरा जपून. इंग्रजी 'डे' आणि लॅटिन 'डिएस' भाऊ वाटतात, पण नात्याचे नाहीत. आपला 'दिवस' डिएसच्या घराण्यातला, डे उपराच. परीक्षेत तर दिसण्यावरून हमखास फसगत होते. नॉइसमचा आवाजाशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ किळसवाणा, दुर्गंधी सुटलेला. रेस्टिव्ह म्हणजे चुळबुळणारा. तुमच्या यादीतला एनर्व्हेट तसलाच, एनर्जी दिल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात त्राण काढून घेणं.

पाठांतराबद्दल: एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं की घोकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि अंतरा-अंतराने उजळणी केली की टिकतं. अँकी हे अ‍ॅप त्याच तत्त्वावर चालतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. दुसऱ्याचा तयार संच उतरवू नका, स्वतःची कार्डं करा. पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य, त्यात शब्दाची जागा मोकळी; मागे शब्द आणि अर्थ. वाक्य लर्नर्स डिक्शनरीतून घ्या. तिथे अर्थ सोप्या शब्दांत असतो आणि शब्द कुणाच्या जोडीने येतो तेही कळतं.

कळव्याची_मैना
काकू, संस्कृत ५० मार्कांचंच होतं, पण प्रहार-संहार पक्कं आठवतंय! मराठी अर्थाचं काय मग?

नौपाड्याच्या_काकू
खुशाल लिही, पण छटा पकडणारा लिही. फ्रूगल आणि पार्सिमोनियस, दोन्हींपुढे 'कमी खर्च करणारा' लिहिलंस तर पंचाईत. पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू. एकात कौतुक, दुसऱ्यात नाक मुरडणं. आपल्याकडे दोन्ही शब्द आहेत, मग कंजुषी कशाला? जिथे नेमका मराठी शब्द सापडणार नाही तिथे इंग्रजीतलं वाक्यच ठेव.

घोडबंदरकर
+१. आणि कार्डं ठाण्याहून तुर्भ्याला जाताना करा. गाडी ठाण्याहूनच सुटते, लवकर पोचलात तर बसायला मिळतं. कळवा ते ठाणे मात्र फोन पर्समध्येच राहू द्या, हलके घ्या.

सीडीएस_वाला
धागा हायजॅक करतोय, क्षमस्व. सीडीएसला (सैन्यदलात अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची परीक्षा) समानार्थी-विरुद्धार्थी अजून थेट विचारतात. मग मीही यादी फेकून द्यायची का?

खारघर_टेकडी
तुम्ही नका फेकू. तुमच्या परीक्षेत यादीचा उपयोग आहे, फक्त कुठल्याही जाड पुस्तकावरून न करता यूपीएससीच्या साइटवरच्या जुन्या प्रश्नपत्रिकांमधून काढा. चारही पर्याय उतरवा, उत्तर असलेला एकच नको.