मदत हवी आहे: पावसाळ्यात भट्टीत भांडी फुटली, नेमकं चुकलं कुठे?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा मातीकामाचा एक क्लब आहे. क्लब म्हणजे काय, तर एका सभासद आजींच्या बंगल्याचं गॅरेज, दोन इलेक्ट्रिक चाकं, सेकंडहँड घेतलेली ८ किलोवॅटची भट्टी आणि आम्ही २४ जण. पगारी कुणीच नाही. माती मळणं, फरशी पुसणं, हिशेब, भट्टी लावणं, सगळं आळीपाळीनं. वर्गणी महिन्याला ६०० रुपये.

गेल्या शनिवारी भट्टीची पाळी माझी होती. पहिली भाजणी, म्हणजे ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावायच्या आधीची, १००० अंशांपर्यंतची. आत ४१ वस्तू. सुरू करून दीड तास झाला असेल, आतून फट्ट असा आवाज आला. मग आणखी एक. बंद केली, पण रविवारी झाकण उघडलं तेव्हा १४ वस्तू गेलेल्या. कॉलेजातल्या एका मुलानं केलेला भरीव गणपती वरच्या शेल्फवर होता, त्याचा पार भुगा झालाय आणि त्याच्या तुकड्यांनी शेजारची भांडी फोडलीत. त्यातच एका नव्या ताईंची टाइल होती, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला घेतलेला हाताचा ठसा. तिचे तीन तुकडे. ताई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

भट्टीत ठेवण्यापूर्वी मी प्रत्येक वस्तू गालाला लावून पाहिली होती. शिकवतात तशी: गार लागली तर ओली. एकही गार लागली नाही. प्रोग्रॅम नेहमीचाच होता.

आता ग्रुपवर दोन तट पडलेत. एक काका म्हणतात मातीत हवेचे बुडबुडे राहिले, पोरानं नीट मळली नाही, तेव्हा त्यानं भरून द्यावं. काही जण म्हणतात भट्टी लावणाऱ्याची जबाबदारी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या पाळीला कुणी नाव द्यायला तयार नाही. फुटण्याचं कारण काय असेल? अशा वेळी तुमच्याकडे भरपाईचं काय करता? आणि भट्टी तापवणाऱ्या कॉइलच्या खाचांमध्ये मातीचे कण अडकलेत, ते तसेच ठेवून भट्टी लावली तर चालेल का?

— चाकावरची_मी

खापरखुंटी:
ताई, आधी तुकडे बघा, कारण तेच सांगतील. एकच लांब, स्वच्छ भेग असेल तर ती बहुधा थंड होताना पडलेली असते. मातीतलं क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम आकार बदलतं, तिथे घाई झाली की भांडं तडकतं. पण भुगा, पापुद्रे, तळ उडालेला, असं असेल तर ती वाफ. दीड तासात फट्ट म्हणजे शंभरापैकी नव्व्याण्णव वेळा वाफच.

अजून एक प्रकार असतो. भाजून आठवडाभरानं भांड्यावरून टिकलीएवढा कपचा उडतो आणि मधे पांढरा ठिपका दिसतो. ती चुनखडी. आपल्याकडच्या काळ्या मातीत ती हमखास सापडते, म्हणून बागेतली माती मिसळायची हौस असेल तर बारीक चाळणीतून गाळून घ्या. तुमच्या प्रश्नाचा याच्याशी संबंध नाही, पण कुणीतरी विचारेलच.

खाचांतले कण काढाच. मेन स्विच बंद करून व्हॅक्यूमनं ओढून घ्या. तसेच राहिले तर ग्लेझच्या भाजणीत १२०० च्या वर गेल्यावर ते कॉइलला चिकटून तिला खातात. आणि गॅरेज कोरडं झाडू नका हो. ती धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

दुपारचा_चहा:
बुडबुडेच. आमच्या सरांनी पंधरा वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं.

खापरखुंटी:
चहावाले, सरांचा मान राखून सांगतो, हिशेब करा. बंद पोकळीतली हवा २७ अंशांवरून ५०० वर नेली तरी दाब अडीच पटीच्या आसपासच वाढतो, आणि कच्च्या मातीला इतकी छिद्रं असतात की हवा निघून जाते. पाण्याची वाफ होते तेव्हा ते सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं. बुडबुड्याभोवतीची माती जाड असते आणि जाड माती आतून ओली राहते, म्हणून बिचाऱ्या बुडबुड्यावर आळ येतो. मळायचं ते चाकावर गोळा नीट बसावा म्हणून.

चाकावरची_मी, “नेहमीचा प्रोग्रॅम” म्हणजे नेमका काय? पहिल्या १०० अंशांना किती वेळ दिलात?

चाकावरची_मी:
हा प्रश्न येणार हे माहीत होतं. खरं लिहिते. आमच्या प्रोग्रॅममध्ये ९० अंशांवर तीन तास थांबा आहे. शनिवारी तो मी काढून टाकला. आमच्याकडे पाऊस लागला की रात्री लाइट जाते, आणि मला दहाच्या आत भाजणी संपवून घरी जायचं होतं. सगळं कोरडं वाटत होतं, म्हणून थेट तासाला १२० अंशांनी चढवली. आवाज झाला तेव्हा स्क्रीनवर १८० होतं.

पण मग गाल का फसला? उन्हाळ्यात तो कधी फसला नाही.

खापरखुंटी:
कबुलीबद्दल आधी नमस्कार. भट्टी लावणारे आम्ही सगळेच कधी ना कधी हा थांबा खातो.

गालाला गार लागतं ते पाणी उडत असतं म्हणून, जसा माठ गार लागतो. एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, ओल्या भांड्यातून पाणी भराभर उडतं, गाल बरोबर सांगतो. श्रावणात हवाच भिजलेली असते. भांड्यातलं पाणी उडतच नाही, तेव्हा गार लागणार कुठून? पावसाळ्यात महिनाभर फळीवर ठेवलं तरी मातीची ओल हवेच्या ओलीपाशी येऊन थांबते. उरलेलं वाळवणं भट्टीतच करावं लागतं. त्यात तुमच्या स्क्रीनवरचा आकडा भट्टीतल्या हवेचा. स्क्रीनवर १८० असताना गणपतीच्या पोटात जेमतेम १०० झाले असतील, आणि नेमका तिथेच स्फोट झाला.

उपाय साधा आहे. झाकणाखाली विटेचा पातळ तुकडा सरकवा, भट्टीच्या वरच्या भोकांची बुचं काढा, ९० अंशांवर ठेवा, आणि दर दोन तासांनी बुचाच्या भोकावर गार आरसा धरा. धुकं धरलं तर आत पाणी आहे. आरसा स्वच्छ राहीपर्यंत पुढे जायचं नाही, मग किती का वाजेनात. तोंड जवळ नेऊ नका.

आणि भरीव काही आत घ्यायचंच नाही. गणपती चामड्यासारखा घट्ट झाला की खालून कोरून पोकळ करायचा, बोटाएवढी भिंत ठेवून.

अर्धी_वीट:
अवांतर: त्या मुलाला विचारा, गणपती विसर्जनासाठी होता का? भाजलेली मूर्ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी तशीच बसून राहते. विसर्जनाची कच्चीच ठेवायची असते. बाप्पानंच परस्पर निर्णय घेतला म्हणायचा.

कुंभारवाड्याकडून:
आम्ही केशवनगरचे, मुंढव्याजवळ. पिढीजात काम. आजोबा आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, चढवायच्या आधी कच्ची भांडी दिवसभर उन्हात कडक तापवायचे, हाताला चटका बसेल अशी. ऊन नसेल तर आवा लावायचाच नाही, म्हणून पावसाळ्याचा माल उन्हाळ्यात करून ठेवायचे. आणि आमच्या मातीत घोड्याची लीद, राख असते. लीदीतल्या काड्यांमुळे वाफेला वाट मिळते. तुमची विकतची माती गुळगुळीत, तिच्यात तशी वाट नाही. मोठ्या, जाड कामासाठी भाजलेल्या मातीची भरड घातलेली माती मागा, मिळते. दुकानात ग्रॉग म्हणतात.

ठाणेकर_थापी:
पैशांचं मी बोलते, कारण आमचा गट याच भांडणात फुटायला आला होता.

भरपाई कुणाकडूनही घेऊ नका. बनवणाऱ्याकडून घेतली तर नवे लोक येणार नाहीत, भट्टीवाल्याकडून घेतली तर भट्टीवाला मिळणार नाही. फुकट राबणाऱ्या माणसाला दंड लावणारा क्लब किती दिवस चालेल? आम्ही दर वस्तूमागे २० रुपये भाजणीचे घेतो, त्यातून वीज भागते आणि शेल्फ-कॉइलसाठी थोडं बाजूला पडतं. भट्टीत गेलेली वस्तू परत येईलच असं नाही, हे सभासद होतानाच सही करून घेतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भट्टीवाल्याला “नाही” म्हणायचा अधिकार द्या. आमच्याकडे एक वेगळी फळी आहे, तिच्यावर खडूनं “शंका” लिहिलंय. जाड वाटलं, ओलं वाटलं की वस्तू त्या फळीवर. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. पहिल्या महिन्यात सगळे रुसले. माझीच सुरई तिथे तीन आठवडे होती.

आणि पाळी जोडीनं लावा. एकटं माणूस दहाच्या आत घरी जायचं बघणारच, त्यात ताईंचा दोष नाही.

दुपारचा_चहा:
अडीच पट आणि सोळाशे पट. सरांना फोन केला होता. ते म्हणाले, “मी मळायला आळस करू नका म्हणून सांगायचो.” मागे घेतो.

चाकावरची_मी:
दहा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

ग्रुपवर मी सगळं कबूल केलं. काका दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी स्वतःच शंकेची फळी ठोकून दिली. भरपाई नाही, वस्तूमागे १५ रुपये ठरलेत, वीस म्हटल्यावर कुरकुर झाली. तीन दिवसांपूर्वी मी आणि गणपतीवाला मुलगा, अशी जोडी. रात्री नऊला ९० अंशांवर लावली. अकराला आरसा पूर्ण धुकट. मला वाटत होतं एकपर्यंत संपेल. साडेतीनलाही धुकं होतं, म्हणजे आमचा जुना तीन तासांचा थांबासुद्धा पावसाळ्यात पुरत नव्हता, इतके दिवस नशिबानं निभावलं. साडेपाचला आरसा स्वच्छ. मग तासाला ६० अंशांनी चढवली. लाइट मधे वीस मिनिटं गेली, तितकंच. आज सकाळी उघडली, २९ पैकी २९.

ताईंची नवी टाइल मात्र यात नव्हती, ती शंकेच्या फळीवर आहे. नातवाला परत घेऊन आल्या होत्या, पण या वेळी त्यानं मूठ उघडलीच नाही, म्हणून पायाचा ठसा घेतलाय. जाडी ८ मिलिमीटर. पट्टी लावून मोजली.