मदत हवी आहे: प्रिंटएफचं वाक्य दिसतच नाही (सी भाषा)

अडलाहरी: उद्या सबमिशन आहे, लवकर सांगा. प्रिंटएफने (स्क्रीनवर छापणारं फंक्शन) 'संख्या द्या' हे छापलंच जात नाही, स्क्रीन कोरी. अंदाजाने आकडे टाकत गेलं की प्रोग्राम संपताना सगळे प्रश्न एकदम भडाभडा येतात. कोड बरोबर आहे, मित्राकडे चालतो.

तिरपाकंस: बरोबर आहे तर टाका की इथे. आणि चालवता कशात?

जुनंखोड: स्कॅनएफच्या (कीबोर्डवरून उत्तर वाचणारं फंक्शन) आधी एफफ्लश(एसटीडीइन) टाका, साठलेलं इनपुट साफ होतं. टर्बो सीपासून हेच करतोय, कधी अडलं नाही.

तिरपाकंस: खोडसाहेब, तुंबलंय आउटपुट, तुम्ही इनपुट काय उपसताय? शिवाय इनपुटवर एफफ्लश केल्यावर काय व्हावं हे सीच्या स्टँडर्डमध्ये ठरवलेलंच नाही.

जुनंखोड: स्टँडर्ड तुम्ही वाचा. आमच्याकडे चालतं.

भटकीमुंगी: एंटर न दाबता कीबोर्डवरची कळ वाचायची तर कॉनिओ लायब्ररीतलं गेटसीएच घ्या. मी त्यावर सापाचा गेम केला होता.

अडलाहरी: गेम नाही करायचा हो! आयडीईतच (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्येच) रन करतोय, खालच्या चौकटीत उत्तरं टाकतो. मित्र काळ्या खिडकीत चालवतो.

तिरपाकंस: हे पहिल्यांदाच सांगायचं ना! काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. आयडीईची चौकट बहुतेकदा पाइप असते, म्हणजे आउटपुट थेट स्क्रीनवर न जाता दुसऱ्या प्रोग्रामकडे जातं. पाइप दिसला की एसटीडीआउट (प्रोग्रामच्या आउटपुटची वाट) पूर्ण बफर (तात्पुरती साठवण) भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत मजकूर धरून ठेवतं, मग बॅकस्लॅश-एन (नवी ओळ) दिलात तरी उपयोग नाही. प्रत्येक प्रश्नानंतर एफफ्लश(एसटीडीआउट) लिहा, साठलेलं लगेच बाहेर पडतं. कंटाळा असेल तर मेनच्या सुरुवातीला, काहीही छापण्याआधी, एकदाच सेटव्हीबफ(एसटीडीआउट, नल, _आयओएनबीएफ, ०), म्हणजे साठवणंच बंद.

अडलाहरी: आलं!! पण 'पुन्हा करायचं का (वाय/एन)' याचं उत्तर न घेताच पुढे पळतो. हे आधीपासूनच होतं, लिहायचं राहिलं.

शून्यावरशून्य: स्कॅनएफमधलं %डी आकडा उचलतं, त्यामागचं एंटर तिथेच पडून राहतं. एक अक्षर वाचणारं तुमचं %सी तेच खातं. '%सी' ऐवजी ' %सी' करा, आधी एक स्पेस. मी तर स्कॅनएफ सोडूनच दिलं, एफगेट्सने अख्खी ओळ घ्यायची आणि एसस्कॅनएफने फोडायची.

जुनंखोड: बघा! इथे माझंच एफफ्लश लागू पडलं असतं.

तिरपाकंस: जुन्या विंडोजवर लागू पडलं असतं. व्हिज्युअल स्टुडिओ (मायक्रोसॉफ्टचं कोडिंगचं सॉफ्टवेअर) २०१५ पासून तिथेही ते इनपुटला हात लावत नाही.

अडलाहरी: स्पेसने झालं. पळतो, जर्नल लिहायचंय.

भटकीमुंगी: सापाच्या गेमचा कोड कोणाला हवाय का?