कंपन्या ढीगभर, पण साठीनंतर चॉइस कुठाय?

हेल्थ इन्शुरन्सबद्दल "पटत नसेल तर कंपनी बदला, वीसच्या वर कंपन्या आहेत की" असं काही जण म्हणतात, ते तिशीतल्या धडधाकट माणसासाठी ठीक आहे हो. साठी उलटली, शुगर-बीपी मागे लागलं की स्पर्धा तिथेच संपते. पोर्टेबिलिटी, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची सोय, २०११ पासून आहे, जुन्या पॉलिसीत काढलेला वेटिंग पिरियडही (आधीच्या आजारांचा खर्च मिळेपर्यंत थांबायचा काळ) धरतात, पण नव्या कंपनीने तुम्हाला घ्यायलाच पाहिजे असा नियम नाहीये ना! आमच्या कोथरूडच्या काकूंचं तेच झालं, सगळे रिपोर्ट देऊन झाले आणि मग सरळ नकार, शेवटी जुन्याच कंपनीकडे वाढलेला प्रीमियम भरला, करणार काय. आणि कंपनीलाही हे पक्कं माहीत असतं की हे गिऱ्हाईक कुठे जात नाही. २०२५ मध्ये इर्डाने (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १०% च्या वर वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा असं सांगितलं, बरंच केलं, पण वाढीला लगाम घातला म्हणजे स्पर्धा आली असं नाही.

हिंजवडीच्या आयटीवाल्यांनी नुसत्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर राहू नका, तिथे कंपनी एचआर निवडतं, तुम्ही नाही. पोर्ट करायचं तर रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज टाका आणि होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी अजिबात सोडू नका.