चूक कबूल केली तर साहेबाचा वचक जातो का?

प्रश्न
रावेरकडे केळीच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. उन्हाळ्यात गाडीची घाई होती म्हणून मॅनेजरसाहेबांनी कोल्डरूम १० अंशांवर आणायला फोनवर सांगितलं. केळीला १३ च्या खाली थंडी बाधते, साल काळपट पडते, माल धड पिकत नाही. तेच झालं. मालकांनी ऑपरेटर पोराला धरलं, पगार कापला. साहेब गप्प राहिले. माणूस वाईट नाही, पण म्हणतात, "मी चुकलो म्हटलं तर उद्या माझं कोण ऐकेल?" तेव्हापासून तापमानाच्या वहीत दर तासाला १३.५ लिहिलेलं असतं, लाइट गेलेल्या रात्रीसुद्धा. साहेबांना कसं सांगू?

उत्तर १
दादा, ती वहीच साहेबांपुढे उघडून ठेवा. आज त्यांचं ऐकतात असं त्यांना वाटतंय, पण पोरं नुसती मान हलवतात आणि वहीत खोटं लिहितात. उद्या मशीन खरंच बिघडलं तर त्यांना सगळ्यात शेवटी कळेल.

जळगावात दालमिलवर मी बरीच वर्षं मुकादमी केली. तिथे पाहिलंय, केबिनमध्ये बोलावून मागितलेली माफी कामगार धरत नाहीत. पोराला बोल सगळ्यांसमोर लागला, तर कबुलीही सगळ्यांसमोरच हवी. "आपल्या सगळ्यांकडून चूक झाली" असं तर अजिबात नको, त्यात चूक कोणाचीच राहत नाही. सरळ म्हणायचं, "१० वर आणायला मी सांगितलं होतं." आणि त्याआधी कापलेले पैसे परत.

१० ऑगस्ट १९७९ ला उपग्रह सोडायचं आपलं रॉकेट एसएलव्ही-३ समुद्रात पडलं. मोहिमेचे प्रमुख कलाम होते, तरी पत्रकारांपुढे इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले, जबाबदारी अंगावर घेतली. १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. धवनांनी दुसऱ्यांसाठी झेललं, तुमच्या साहेबांना तर स्वतःचंच झेलायचंय.

उत्तर २
आधी मालकांना सांगू द्या. त्यांना बाहेरून कळलं तर साहेबांची नोकरी जाईल आणि पोराचे पैसेही अडकतील. शिवाय १३ च्या खाली आणायचं असेल तर लेखीच, असा नियम साहेबांनी स्वतःवर घालून घ्यावा.

प्रश्नकर्ता
पटलं भाऊ. आज दुपारी वही घेऊन बसतो त्यांच्यापुढे. पोरगं सावद्याला दुसरीकडे काम बघतंय, त्याला थोडं थांब म्हणून सांगितलंय.